मतलई वाऱ्यातला पंख

"विमान बापूस बांधता गो. चेडू नुसता घड्याळ बघता."

आवाराच्या दगडी गडग्यापलीकडच्या पाणंदीतून दोघी बायका चालल्या होत्या. मी तेव्हा विमानाच्या पोटात आडवी होते. तोंडाला मास्क, हातात पॉलिश पेपर, आणि डोक्यापासून पायापर्यंत पांढरी धूळ. विमानाच्या पोटात आवाज फार स्पष्ट येतो, कारण ते आतून पोकळ आणि कडक असतं, घागरीसारखं.

"बघूदे," दुसरी म्हणाली. "कोणीतरी बघूक व्हया. पुरुषांची कामा काय, सुरू जातत, संपनत नाय."

दोघी हसल्या आणि पुढे गेल्या. मीही मास्कच्या आत हसले. बाप विमान बांधतो आणि मुलगी घड्याळ बघते, हे जवळजवळ बरोबर होतं. फक्त त्यातला 'नुसता' हा शब्द मला मान्य नव्हता.

बाबा जन्मभर बोटीवर इंजिनिअर होते. वर्षातले काही महिने घरी, बाकी समुद्रात. निवृत्त होऊन घरी आले तेव्हा त्यांच्या सामानात एका छोट्या दोनआसनी विमानाचे नकाशे होते. हे विमान लोखंडाचं किंवा पत्र्याचं नसतं. कडक फोमला पंखाचा आकार द्यायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड पसरायचं, ते रेझिनने भिजवायचं आणि वाळू द्यायचं. वाळल्यावर फोम, कापड आणि रेझिन मिळून एकच वस्तू होते, हलकी आणि भक्कम. परवानग्यांचं काम वेगळं आणि लांबलचक, ते बाबा स्वतः बघतात. पण बांधायचं कुठे, हा प्रश्न पडलाच नाही. घरामागे आंबे ठेवायचा मांगर होता, कौलारू आणि ऐसपैस. पेट्या भरायचा हंगाम सोडला तर तो रिकामाच असायचा.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. नकाशांबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून ते वाचायचं काम माझ्याकडे आलं. मला ते आवडलं, कारण वाचताना कुणाशी बोलावं लागत नाही. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. ते दुपारनंतर सुरू होतं, म्हणजे सकाळ माझी. सुरुवातीचे काही महिने मी मांगरात एका स्टुलावर बसून पुस्तक वाचायचे आणि बाबांकडे बघायचे. बघणं मला चांगलं जमतं.

बघताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. बाबांचा हात सुरेख चालायचा, पण वेळ चालत नव्हता. बोटीवर पाळी असायची, घंटा असायची, खाली इंजिनरूममध्ये कोण कधी उतरणार हे ठरलेलं असायचं. मांगरात कुणी घंटा वाजवत नव्हतं. बाबा सकाळी उत्साहाने आत शिरायचे, मग कात्री शोधायचे. कात्री सापडेपर्यंत ड्रिलचं बिट आठवायचं, ते आणायला घरात जायचे, तिथे आई चहा द्यायची, तेवढ्यात कुणीतरी गेटातून "असास काय रे?" म्हणत यायचं. सकाळ गेली. संध्याकाळी बाबा म्हणायचे, "आज बरंच झालं." विमान मात्र होतं तिथेच असायचं.

त्यात आमची हवा. पुस्तक लिहिणाऱ्याने ते कुठल्या कोरड्या गावात बसून लिहिलं असावं. आमच्याकडे कापड नुसतं उघडं ठेवलं तरी त्याला ओल धरते, आणि ओल्या कापडावर रेझिन नीट बसत नाही, वर मेणासारखा चिकट थर येतो. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. मग कोरडी हवा मिळणार कधी?

याचं उत्तर मामाने दिलं. आईचा भाऊ, मासेमारीच्या फायबरच्या होड्या बांधतो. मालवणात त्याची शेड आहे आणि त्याच्या होड्या देवगडपर्यंत फिरतात. तो एकदा मांगरात उभा राहून माडाच्या झावळ्यांकडे बघत म्हणाला, "थंडीत सकाळचो मतलई वारो घे. घाटाकडसून येता, सुको. खारो वारो सुटलो की हातातला काम खाली ठेव. माझी अर्धी शेड हेच्यारच चलता."

एवढं सांगून तो थांबला नाही. "आणि रेझिनात कंजूषपणा करू नुको हां भावोजी. रेझिन जास्त, ताकद जास्त."

हे मात्र होडीचं झालं. होडी जड झाली तर लाटेवर बरी बसते. विमानात जास्तीचं रेझिन म्हणजे नुसतं ओझं; ताकद कापडात असते. मी पुस्तकातलं ते पान उघडून मामासमोर धरलं. त्याने वाचलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यां चेडू तोंडान बोलणा नाय, पुस्तक दाखवता. कोर्टात वकील कर हेका." पण त्यानंतर तो आमच्याकडे आला की कापडातलं जास्तीचं रेझिन निथळून काढायला लागला. त्याच्या शेडमध्ये मात्र पहिल्यासारखंच.

मग मी वेळेची घडी बसवायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नाही. हळूहळू करत गेले.

आधी बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे जमवले. एका डब्यात एकच छोटं काम: एक बिजागरी, तिचे स्क्रू, तिला लागणारा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा. पुढच्या डब्यात पुढचं. जेवायच्या आधी थोडा वेळ उरला की बाबांनी डबा उचलायचा. डबा संपला की काम संपलं. आधी असला उरलेला वेळ वाया जायचा, कारण एवढ्याशा वेळात काय करणार, असं वाटायचं. आईला ही युक्ती लगेच कळली. म्हणाली, "म्हणजे फोडणीचं सगळं हाताशी काढून मगच गॅस पेटवायचा. मी लग्न झाल्यापासून हेच करतेय, मला कुणी विमान नाही बांधू दिलं." दुसऱ्या दिवसापासून ती मांगरात यायला लागली. ब्लाउज शिवणारा तिचा हात. काचेचं कापड तिरकं कापायचं असतं आणि ते कडेने पटकन उसवतं. बाबांना जे कधी जमलं नाही ते तिला पहिल्याच दिवशी जमलं.

मग दिवसाचे भाग केले. मतलई वारा आहे तोवर फक्त ओलं काम: रेझिन, कापड. वारा फिरला की कोरडं काम: घासणं, कापणं, मोजणं. आणि मांगर बंद करण्याआधी उद्याचं पहिलं काम टेबलावर मांडून ठेवायचं, कात्रीसकट. सकाळी आत शिरल्यावर शोधायचं काही नाही, हात घालायचा आणि सुरू. बाबांना हे बोटीच्या पाळीसारखं वाटलं. येणारी पाळी आली की जाणाऱ्याने सगळं जागेवर देऊन जायचं, असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मांगरात यायच्या आधी दाढी करायला लागले.

वर्षाचीही तशीच वाटणी झाली. पावसाळ्यात धातूचे भाग आणि वायरिंग. चतुर्थीला मुंबईची माणसं घरात, तेव्हा काही नाही. थंडीत रेझिन. आणि आंबा तयार झाला की मांगर रिकामा करायचा. त्या हंगामात विमानाचं पोट दोरांनी वर वाशांना टांगलेलं असतं आणि खाली गवतावर आंबे पसरलेले असतात. पेट्या न्यायला आलेला ट्रकचा माणूस वर बघून म्हणाला होता, "ह्याच्यातून थेट मुंबईक धाडतलास काय?"

तरी एक गोष्ट माझ्या हातात आली नाही. माणसं.

आमच्याकडे दारात आलेल्याला 'नंतर या' म्हणत नाहीत. तसं म्हणायची रीतच नाही. हातातलं काम टाकायचं, "येवा, बसा" म्हणायचं, पाणी द्यायचं, गूळ द्यायचा, चहा टाकायचा. रेझिनचं मात्र असं असतं की एकदा त्यात कडक करणारं औषध मिसळलं की ते कुणाची वाट बघत नाही. पेल्यात जास्त वेळ राहिलं तर आपोआप तापतं.

विमानाच्या शेपटीचा सुकाणू आम्ही असाच घालवला. कापड अर्धं भिजवून झालं होतं आणि वरच्या वाडीतले एक आजोबा नातवाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. बाबांनी हातमोजे काढले आणि पडवीत गेले. मी दारात जाऊन खुणा केल्या. बाबांनीही खुणेनेच 'आलोच' सांगितलं. आजोबांनी मुलीकडची सगळी मंडळी एकेक करून समजावली. आत पेल्यातून धूर यायला लागला, पेला हातात धरवेना, म्हणून मी तो बाहेर मातीत ठेवला. बाबा परत आले तेव्हा कापड अर्धं काचेसारखं कडक आणि अर्धं कोरडं होतं. बाबांनी त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "छान लग्न आहे. आपण जाऊया." सुकाणू पुन्हा केला.

त्यानंतर मी गेटाला काठी बांधून लाल फडका लावला. बंदरावर वादळाचा बावटा लागला की होड्या बाहेर काढत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तोंडाने सांगण्यापेक्षा मला ते सोपं होतं. पहिले काही दिवस माणसं फडका बाजूला करून आत आली आणि "ह्यां काय वाळत घातलास?" विचारून गेली. मग मामाने मच्छी मार्केटात बातमी पसरवली. "भावोजींच्या विमानाक बावटो लागलो हा. आज थंय चाय गावची नाय." ते बरोबर लागू पडलं. बावटा दिसला की लोक पाणंदीतूनच हात करायचे. काही जण मुद्दाम थांबून वाऱ्याकडे बघायचे आणि "आज बरो आसा, चालूदे" असं ओरडून जायचे. मला ते फार आवडायचं. आमच्या वेळापत्रकात अख्खी वाडी सामील झाली होती आणि त्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

असं करत उजव्या पंखापर्यंत आलो.

डावा आधीच्या थंडीत झाला होता. उजव्याचा फोम आम्ही गरम तारेने कापला, जोडला, घासला. पावसाळ्यानंतरचा सगळा मोकळा वेळ त्यात गेला. आता त्याच्या वरच्या बाजूचं कापड बसवायचं होतं. पंखाच्या लांबीभर एक खाच असते, तिच्यात काचेच्या पट्ट्या एकावर एक बसवायच्या; पंखाचा कणाच तो. त्यावर तिरक्या कापडाचे थर. आणि हे सगळं एका दमात करावं लागतं, कारण खालचा थर ओला असतानाच वरचा त्याला धरतो. मध्ये थांबलो तर जोड कच्चा राहणार. बाकी कुठे कच्चं राहिलं तर घासून पुन्हा करता येतं, पण कण्यात नाही. पंखच फोमसकट फेकून द्यावा लागला असता.

बाहेर कलमांना मोहर आला होता. मतलईच्या सकाळी आता थोड्याच उरल्या होत्या आणि त्यानंतर मांगर आंब्याचा. पंख गेला तर पुढची थंडी. बाबा कधी म्हणाले नाहीत, पण त्यांच्या वयाला एक थंडी म्हणजे काय हे मला दिसत होतं. ते हल्ली पुस्तकातली शेवटची पानं वाचत असायचे, पहिल्या उड्डाणाची.

त्या दिवसाची मांडणी मी केली. आईने सगळं कापड आदल्या दिवशी कापून, गुंडाळून, क्रमाने ठेवलं. मामा त्याची शेड बंद ठेवून आला. बाबा भिजवणार, मामा रोलर फिरवून हवा काढणार, आई कापड सोडणार. मी रेझिन मिसळणार, एका वेळी थोडंच, पसरट बशीत, म्हणजे ते लवकर तापत नाही; एक बशी निम्मी झाली की दुसरी कालवायला घ्यायची. म्हणजे सगळ्यांचे हात माझ्या बशीच्या लयीत चालणार होते. मी बावटा लावला. माड घाटाकडून हलत होते.

काम सुरू झालं आणि मला पहिल्यांदा समजलं की आम्ही चौघं चांगले आहोत. म्हणजे खरंच चांगले. कुणी कुणाला काही मागत नव्हतं. आईच्या हातातून कापड सुटायचं ते सरळ रेषेवर पडायचं. बाबांनी ब्रश टेकवला की पांढरं कापड काचेसारखं पारदर्शक व्हायचं आणि खालचा निळा फोम दिसायला लागायचा. मामा, जो बोलल्याशिवाय राहू शकत नाही, तो एक अक्षर न बोलता रोलर फिरवत होता. कण्याच्या पट्ट्या बसल्या. पहिला थर बसला. दुसरा निम्म्यावर आला होता.

तेव्हा गेट वाजलं.

"अरे, खंय असास? बघ कोणाक घेवन इलंय!"

मोठे काका. बाबांचे थोरले भाऊ, मुंबईहून न कळवता आलेले. माझे आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबांना बोटीवर चढेपर्यंत मोठ्या काकांनीच वाढवलं. बाबा अजून त्यांच्यासमोर खुर्चीत बसत नाहीत. काका गावात आले की बाबा गेटापर्यंत जातात, पाया पडतात, त्यांच्या हातातली पिशवी घेतात. आमच्या घरात याला अपवाद झालेला मी पाहिलेला नाही. आणि काकांच्या मागे त्यांचे दोन मित्र उभे होते, इस्त्रीचे कपडे घातलेले, भावाने बांधलेलं विमान बघायला मुद्दाम आणलेले. काकांनी लाल फडका हाताने बाजूला केला, जसा दारातला पडदा करतात, आणि हसत मांगराच्या दारात येऊन उभे राहिले.

बाबांचा ब्रश थांबला. त्यांनी वर बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच उमटलं, जे मी लहानपणापासून बघत आले आहे, सगळं सोडून पुढे व्हायचं. त्यांचा डावा हातमोजा मनगटापासून सुटायला लागला होता. आईने डोक्यावरून पदर घ्यायला हात उचलला, पण दोन्ही हातांत कापड होतं. मामाने रोलर तसाच धरून ठेवला. मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं. माझ्या तळहाताला बशी कोमट लागत होती.

पुढचं आधीच सांगून टाकते. तो पंख आज मांगरात भिंतीला लावून ठेवलेला आहे. बाबांनी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत नाण्याने टकटक करून ऐकला. आत कुठे हवा राहिली असेल तर आवाज बद्द येतो. कुठेच बद्द आला नाही. डाव्यापेक्षा तो हलकाही भरला, आणि मामाने त्याचं श्रेय स्वतःच्या निथळण्याला घेतलं. मोठे काका रागावले का? थोडे रागावले, पाणी पिईपर्यंत. मग ते पडवीत बसले आणि गेटाशी जो येईल त्याला स्वतःच सांगायला लागले, "आत जावक गावचा नाय. पंखाचा काम चालू आसा." त्यांच्या मित्रांनाही त्यांनी तेच ऐकवलं, आणि अशा आवाजात की नियम त्यांनीच केला असावा. संध्याकाळी ते पंखासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. जाताना बाबांना म्हणाले, "तुझ्या बोटीवर अशी कॅप्टन होती काय?" बाबा म्हणाले, "नव्हती." ते दोन्ही भाऊ माझ्याकडे बघत होते आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं, पण मी खाली बघितलं नाही.

पण ते सगळं नंतरचं. दारात मोठे काका उभे होते तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. दुसरा थर निम्मा कोरडा होता, बशी तापत होती, आणि खुणा करून भागणार नाही हे मला माहीत होतं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटेल इतका मोठा आला.

"मोठे काका, तुम्ही पाहुण्यांना घेऊन पडवीत बसा. बाबा, वर बघू नका, हात चालू ठेवा. पंख झाला की मी हाक मारते."